दानवीर शेठ माणिकचंद : परगावाहून मुंबईस येणाऱ्यांचा आधार

दिगंबर जैन समाजाच्या अर्वाचीन इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्याविषयी आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींनी पुष्कळ ऐकलेले आहे. तीर्थक्षेत्र कमिटीचे नाव निघाले की त्यांचे नाव निघते. मंदिराच्या कपाटातील जुन्या संस्कृत-प्राकृत ग्रंथांवर माणिकचंद ग्रंथमाला ही अक्षरे दिसतात. तरुण पिढीस मात्र हिराबाग ही मुंबईतील एक जुनी धर्मशाळा, एवढीच ओळख असते. ती कोणी बांधली, का बांधली, आणि ज्याने बांधली तो स्वतः मुंबईत कोणत्या अवस्थेत उतरला होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या पुरुषाचे चरित्र सांगावे असे वाटले, त्याचे कारण हेच.

देऊळगाव राजासारख्या गावातून मुंबईस जाणे ही एकेकाळी सोपी गोष्ट नव्हती. वऱ्हाडची हद्द ओलांडून बैलगाडीने निजामाच्या मुलखातील जालना गाठावयाचे, आणि १९०० च्या सुमारास तेथे रेल्वे आल्यावर त्या लहान गाडीने मनमाड व मनमाडला गाडी बदलून मुंबई. बोरीबंदरला उतरलेल्या मुलापुढे पहिला प्रश्न उभा राही तो निवाऱ्याचा, आणि जैन घरातील मुलापुढे त्याच्या जोडीला आणखी दोन. सूर्यास्तापूर्वी शुद्ध भोजन कोठे मिळेल, आणि सकाळी देवदर्शन कोठे घडेल? ओळखीच्या आडत्याची पेढी असली तर ठीक, नाहीतर बिछाना काखोटीला मारून हिंडावे लागे. हा प्रश्न एखाद्या श्रीमंताने पुस्तकात वाचून सोडविला नाही. ज्याने तो सोडविला, तो स्वतः बारा वर्षांचा असताना याच शहरात परका म्हणून आला होता.

माणिकचंदजींचे घराणे मूळचे मेवाडातील भिंडर गावचे, ज्ञातीने वीसा हुमड. आजोबा गुमानजी हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापाराच्या निमित्ताने सुरतेस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र हिराचंद. हिराचंदांना मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद आणि नवलचंद असे चार पुत्र झाले. माणिकचंदजींचा जन्म १८५१ साली सुरतेत झाला. तोवर सुरतेचे वैभव ओसरले होते. १८३७ च्या भयंकर आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि बंदराचा व्यापार हळूहळू मुंबईकडे गेला. हिराचंदांची स्थिती बेताचीच होती. त्यातच मुलांचे मातृछत्र लहानपणीच हरपले. माणिकचंदजींचे शाळेतील शिक्षण म्हणजे अक्षरओळख, हिशोब आणि व्यापाऱ्यास लागते तेवढे लिहिणे-वाचणे. पुढे शेकडो मुलांच्या उच्च शिक्षणाची सोय करणाऱ्या या गृहस्थाने स्वतः कॉलेजची पायरी कधी चढली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विक्रम संवत १९२० मध्ये, म्हणजे इसवी सन १८६३-६४ च्या सुमारास, हिराचंद आपल्या मुलांना घेऊन मुंबईस आले. तो काळ मोठा विलक्षण होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असल्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो सारा पैसा मुंबईत येऊन पडला. रोज नवी बँक निघे, रोज नव्या कंपनीचे शेअर खपत. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले आणि सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखे कोट्यधीश कर्जबाजारी झाले. १८७२ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकी उतरली, यावरून किती माणसे आली तशी परत गेली असतील याची कल्पना यावी. नुकत्याच आलेल्या एका सामान्य कुटुंबातील मुलाने हे चढणे आणि पडणे चौदा वर्षांचा होण्याच्या आत पाहिले.

या मुलांनी शेअरबाजाराची वाट धरली नाही. त्यांनी मोती ओवण्याचे काम पत्करले. हे काम आज लोप पावत चालल्याने त्याविषयी थोडे सांगणे इष्ट आहे. त्या काळी इराणच्या आखातातून, विशेषतः बहरीनकडून, मोती मुंबईस येत. उन्हाळ्यापासून पाणबुडे समुद्रात उतरत आणि हंगाम संपला की अरब व्यापारी माल घेऊन मुंबई गाठीत. आलेला माल लहानमोठ्या छिद्रांच्या चाळण्यांतून काढून आकारवारी लावावयाची, रंग आणि पाणी पाहून निवड करावयाची, वेध पाडावयाचा, आणि मग रेशमाच्या धाग्यात सर ओवून त्यांचे जुडगे बांधावयाचे. असे बांधलेले सर विलायतेच्या बाजारात मुंबईच्याच नावाने ओळखले जात. ओवणाऱ्याची मजुरी थोडी. तथापि दिवसभर बोटांखालून हजारो मोती जात असल्याने ज्याची नजर शाबूत आहे त्याला कोणता मोती कोणत्या मोलाचा, हे न शिकविता कळू लागते. भाव ठरे तोही रुमालाखाली, एकमेकांची बोटे दाबून. शेजारी बसलेल्यालासुद्धा आकडा कळत नसे. अशा व्यवहारात लेखी करार नाही, साक्षीदार नाही. माणसाचा शब्द गेला की त्याचा धंदाच संपला.

माणिकचंद आणि त्यांचे बंधू हे सारे शिकले. काही वर्षांतच, अठरा-वीस वर्षांच्या वयात, माणिकचंद पानाचंद या नावाने भावंडांची पेढी उभी राहिली. पुढे त्यांनी युरोपशी थेट व्यापार सुरू केला आणि ही पेढी मुंबईतील मोत्यांच्या आघाडीच्या पेढ्यांत गणली जाऊ लागली. चौपाटीवर समुद्रासमोर रत्नाकर पॅलेस हा त्यांचा बंगला झाला व तेथे गृहचैत्यालयही झाले. सरकारने त्यांना जे. पी. केले. येथवरची कथा मुंबईतल्या अनेक धनिकांची असते. चार भाऊ एकत्र राहिले, एका पेढीवर बसले आणि मिळविलेल्या पैशाच्या विनियोगात एकमेकांच्या आड आले नाहीत, हा भाग मात्र तितकासा सर्वत्र आढळत नाही.

संवत १९४० मध्ये, म्हणजे १८८३ च्या सुमारास, शेठजी संघ घेऊन दक्षिणेच्या यात्रेस गेले. मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत त्यांना धवल, जयधवल या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री पोथ्यांचे दर्शन घडले. शेकडो वर्षांच्या त्या पोथ्या जीर्ण झालेल्या होत्या, आणि लोक त्यांचे केवळ दर्शन घेऊन, द्रव्य चढवून परत जात. त्यांतील लिपी वाचू शकणारेही विरळाच उरले होते. पोथ्या अशाच राहिल्या तर एक दिवस त्यांची माती होईल, ही चिंता घेऊन शेठजी परतले. त्यांनी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना हा प्रकार कळविला. हिराचंद नेमचंद म्हणजे १८८४ पासून जैन बोधक हे मासिक मराठीतून चालविणारे विद्याव्यासंगी गृहस्थ. ते स्वतः मूडबिद्रीस जाऊन आले. दोघांच्या खटपटीने पुढे निधी जमला आणि १८९६ च्या सुमारास नक्कल करण्याचे काम सुरू झाले. ते पाव शतकाहून अधिक काळ चालले. त्याची समाप्ती पाहण्यास शेठजी हयात नव्हते.

त्या काळी जैन शास्त्रे छापावीत की नाही, यावरच समाजात मोठा वाद होता. छापखान्यातील शाई, सरस, कोणाकोणाचे हात, यामुळे जिनवाणीचा अविनय होतो असे अनेक धर्मनिष्ठ लोकांस मनापासून वाटे. छापील ग्रंथ मंदिरात ठेवू देत नसत. छापणाऱ्यांवर बहिष्काराच्या गोष्टी होत. शेठजी स्वतः नित्य पूजापाठ करणारे, परंपरेत वाढलेले श्रावक असूनही छापण्याच्या बाजूने उभे राहिले. नवीन ग्रंथ निघाला की त्याच्या पुष्कळशा प्रती ते विकत घेत आणि मंदिरांना व जिज्ञासूंना वाटून टाकीत. प्रकाशकाचा खर्च निघे आणि ग्रंथही गावोगाव पोहोचे. वादविवादात न शिरता वाद निकालात काढण्याची ही व्यापाऱ्याची रीत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला. चाळींतील दाटीने राहणारी माणसे पटापट मरू लागली, आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. प्लेग पुढे वर्षानुवर्षे परत परत येत राहिला. अशा शहरात बाहेरगावचा मुलगा शिकावयास पाठविण्यास कोणता बाप तयार होईल? आणि न पाठवावे तर वकील, डॉक्टर, इंजिनीअर होण्याचे दरवाजे बंद. शिवाय कॉलेजच्या वसतिगृहात मुलगा गेला तर अभक्ष्यभक्षण करू लागेल, धर्म विसरेल, ही भीती होतीच. परिणामी जैन घरातील हुशार मुले मॅट्रिकच्या अलीकडेच दुकानाच्या गादीवर बसत. शेठजींनी यावर १९०० साली ताडदेव येथे शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग स्थापन केले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना राहण्याची सोय, शुद्ध व वेळेवर भोजन, नित्य दर्शन आणि धर्मशिक्षण, अशी ही योजना होती. ज्या पित्याने हात धरून मुंबईस आणले त्याचे व आजोबांचे नाव संस्थेस दिले, स्वतःचे दिले नाही.

या एका बोर्डिंगपासून पुढे मालिकाच सुरू झाली. अहमदाबादेत दिवंगत पुतणे प्रेमचंद मोतीचंद यांच्या नावाने बोर्डिंग झाले. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगलाही शेठजींचा भरीव हात लागला. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यकर्त्यांशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्याच कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहून गेला. तेथील शिस्तीशी त्याचे जमले नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पण वसतिगृह म्हणजे काय आणि खेड्यातील मुलाला त्याची गरज किती, हे त्याने तेथे अनुभवले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढताना कर्मवीरांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. शेठजींची बोर्डिंगे जैन मुलांसाठी होती, कर्मवीरांनी त्यापुढची मजल मारली, हे मोकळेपणाने मान्य करावे. मुंबईत श्वेतांबर समाजानेही १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने महावीर जैन विद्यालय उघडले. आपल्या वऱ्हाडात कारंजा येथे १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजेच पुढील समंतभद्र महाराजांनी, महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला.

विद्यार्थ्यांची सोय झाली, तरी यात्रेकरू, आजारी माणसास दाखवावयास आलेले कुटुंब, नोकरीच्या शोधातला तरुण, यांचे काय? १९०५ साली गिरगावात सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा उभी राहिली. हेही नाव वडिलांचेच. भुलेश्वर, गुलालवाडी येथील मंदिरे तेथून चालण्याच्या अंतरावर आहेत. ज्यांनी जुन्या काळी मुंबईस वाऱ्या केल्या त्या पिढीला या मांडणीचे महत्त्व सांगावयास नको. पहाटे स्नान करून दर्शनास पायी जाऊन येता येणे, ही गोष्ट मुंबईत केवढी दुर्मिळ!

शेठजींनी माणसांनाही आश्रय दिला. मध्य प्रांतातील सागरजवळच्या देवरी गावचा नाथूराम हा तरुण १९०१ साली मुंबईस आला. घरची अत्यंत गरिबी. गावाकडे तुटपुंज्या पगारावर शिक्षकाचे काम केलेले. मुंबईत दिगंबर जैन सभेस कारकून हवा आहे, असे वाचून त्याने अर्ज केला. नोकरी मिळाली, पण तिकिटाला पैसे नव्हते. ते उसने घेऊन तो निघाला. वीस वर्षांचा मुलगा, मोठे शहर, हाती समाजाच्या पैशांची पेटी. कोणीतरी त्याच्याविषयी शेठजींचे कान भरले. शेठजी एक दिवस अचानक कचेरीत आले आणि त्यांनी रोकड मोजावयास घेतली, अशी आठवण सांगतात. हिशोब चोख निघाला. त्या दिवसापासून शेठजींचा त्याच्यावरील विश्वास ढळला नाही. या प्रसंगात त्या तरुणाच्या मनास काय वाटले असेल, याचाही विचार वाचकांनी करावा. गावाहून आलेल्या निर्धन मुलाकडे शहर प्रथम संशयानेच पाहते, आणि शेठजींसारखा सहृदय मनुष्यही त्यास अपवाद ठरला नाही. फरक एवढाच की त्यांनी ऐकीव गोष्टीवर निकाल दिला नाही. स्वतः येऊन मोजले आणि जे दिसले ते मान्य केले. मोत्यांच्या बाजारात त्यांचे आयुष्य गेले होते. चाळल्यावाचून माल नाकारावयाचा नाही आणि घ्यावयाचाही नाही, ही तेथली रीतच.

हाच तरुण पुढे पंडित नाथूराम प्रेमी म्हणून प्रसिद्ध झाला. मुंबईत राहून त्यांनी संस्कृत, मराठी, गुजराती, बंगाली आत्मसात केल्या, जैन हितैषी मासिकाचे संपादन केले आणि १९१२ मध्ये हिंदी ग्रंथ रत्नाकर ही प्रकाशनसंस्था काढली. हिंदी साहित्यात तिचे स्थान फार वरचे आहे. तिची कचेरी हिराबागेतच होती. लखनऊचे शीतलप्रसादजी हेही असेच. प्लेगच्या दिवसांत १९०४ साली पत्नी, आई आणि भाऊ एकापाठोपाठ गेल्यावर विरक्त झालेल्या या गृहस्थांस शेठजींनी मुंबईस आपल्याजवळ ठेवून घेतले. पुढे ते ब्रह्मचारी शीतलप्रसाद झाले आणि शेठजींचे सविस्तर चरित्र त्यांनीच लिहिले.

१९०२ मध्ये भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली, तिच्या उभारणीत शेठजी अग्रभागी होते. ठिकठिकाणच्या तीर्थांचा कारभार कोणा मुनीमाच्या वा पुजाऱ्याच्या हाती, हिशोब नाही, जमिनीचे कागद नाहीत, अशी दशा होती. हिशोब ठेवणे, दस्तऐवज गोळा करणे, धर्मशाळा दुरुस्त करणे, ही कामे कमिटीने हाती घेतली. कोर्टकचेऱ्याही पुष्कळ झाल्या, आणि त्यांत दोन्ही संप्रदायांचा किती पैसा व किती सद्भाव खर्ची पडला, हे आठवले की मन खिन्न होते. त्यापेक्षा दिगंबर जैन डिरेक्टरीचे काम मला अधिक मोलाचे वाटते. कोणत्या प्रांतात, कोणत्या गावात आपली किती घरे, किती मंदिरे, याची गावोगाव माणसे पाठवून नोंद करण्यात आली, आणि १९१४ साली तो मोठा ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध झाला. रेल्वेपासून दूर असलेल्या वस्त्यांचीही कोणीतरी खबर घेत आहे, असे त्या काळच्या विखुरलेल्या समाजास प्रथमच जाणवले असेल.

घरातील दुःखानेही त्यांना एक मार्ग दाखविला. कन्या मगनबाई, जन्म १८७९, ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे उरलेले आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात जावयाचे. शेठजींनी मुलीस शिकविले. संस्कृत व धर्मग्रंथांचा अभ्यास करविला, आणि लोकनिंदेची पर्वा न करता सभांतून बोलू दिले. मगनबाई, अंकलेश्वरच्या ललिताबाई आणि हिराचंद नेमचंदांच्या कन्या कंकुबाई, या तिघींनी जैन स्त्रीशिक्षणाचे काम अंगावर घेतले. मुंबईच्या श्राविकाश्रमात परगावच्या विधवा व परित्यक्ता येऊन राहू लागल्या, शिकू लागल्या, शिक्षिका होऊन परत जाऊ लागल्या. मुलांना बोर्डिंग मिळाले त्यानंतर थोड्याच वर्षांत मुलींना हा आश्रम मिळाला. मगनबाई १९३० मध्ये निवर्तल्या.

अखेरचे वर्ष शेठजींना सुखाचे गेले नाही. १९१३ च्या नोव्हेंबरात इंडियन स्पेसी बँक बुडाली. चांदी आणि मोती यांच्या सट्ट्यात या बँकेचा पैसा अडकलेला होता, त्यामुळे मोत्यांच्या बाजारास जबर हादरा बसला. लहान वयात पाहिलेल्या १८६५ सालच्या पडझडीची आठवण त्यांना खचितच झाली असेल. संस्थांसाठी योजिलेल्या रकमा व इमारती त्यांनी ट्रस्ट करून बाजूस काढलेल्या होत्या. धंद्याच्या चढउताराची झळ बोर्डिंगच्या स्वयंपाकघरास लागू नये, ही काळजी त्यात होती. आपण ज्या ट्रस्टची पन्नास वर्षे साजरी करीत आहोत, त्याच्या विश्वस्तांना या तरतुदीचे मर्म वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

१६ जुलै १९१४ रोजी शेठजींचे मुंबईत देहावसान झाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत युरोपात महायुद्ध पेटले आणि विलायतेचा मोत्यांचा व्यापार थंडावला. युद्धानंतर जपानची कृत्रिम पैदाशीची मोती बाजारात आली आणि आखातातील मोत्यांचा तो सारा उद्योगच काही वर्षांत मोडून पडला.

शेठजींच्या स्मरणार्थ जो निधी जमला त्याचा पुतळा किंवा छत्री न करता १९१५ मध्ये माणिकचंद दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू करण्यात आली. ग्रंथ पडत्या किमतीस, नफा न घेता विकावयाचे, असे ठरले. तिचे मंत्री झाले नाथूराम प्रेमी, एकेकाळी ज्यांची रोकड मोजली गेली तेच. त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. पुष्पदंताचे अपभ्रंश महापुराण डॉ. प. ल. वैद्यांच्या संपादनाखाली याच मालेतून तीन भागांत निघाले. आणि मूडबिद्रीच्या ज्या ताडपत्री पोथ्या पाहून शेठजी अस्वस्थ झाले होते, त्यांतील षट्खंडागमाचा धवला टीकेसह पहिला भाग १९३९ साली छापून बाहेर पडला तो आपल्या वऱ्हाडातून. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी त्याचे संपादन केले होते. त्या कामात प्रेमीजींचे साहाय्य होते. ते भाग एकूण सोळा झाले. प्रेमीजी १९६० च्या जानेवारीत मुंबईत वारले. उसन्या पैशांच्या तिकिटावर आल्यापासून एकोणसाठ वर्षे ते त्याच शहरात राहिले.